घटपर्णीला पिचर येत नाहीत? मुंबईच्या घरात आधी काय तपासायचं

नर्सरीतून आणली तेव्हा घटपर्णीला आठ-दहा पिचर, म्हणजे किडे धरणारे सुरईसारखे सापळे, लोंबत होते. दोन महिन्यांत सगळे वाळले आणि आता नुसती पानं येतात. मुलुंडपासून गिरगावापर्यंत ज्या ज्या घरी मला हे झाड बघायला बोलावतात, तिथली तक्रार हीच असते. झाड मेलेलं नसतं, हिरवं असतं, वाढतही असतं. फक्त ज्यासाठी हौसेने आणलं ते करत नाही.

कारणं दरवेळी त्याच पाच-सहांपैकी निघतात आणि मुंबईत त्यातलं पहिलं बहुतेकदा पाणीच असतं. म्हणून क्रम असा लावलाय: फुकटात होणाऱ्या तपासण्या आधी, कुंडी उपटायचं काम सर्वांत शेवटी. मधल्या पायऱ्या गाळू नका. दोष नुसता पाण्यात होता आणि घाबरून मुळं उघडी केली, अशी झाडं मी पुष्कळ बघितली आहेत. मुळं दुखावली की ती सावरायला मूळ दोषापेक्षा जास्त वेळ जातो.

आधी लक्षणं बघा

पानाच्या टोकातून दोरीसारखा ताणा निघतो. त्याच्या टोकाला तपकिरी लव असलेली, तांदळाच्या दाण्याएवढी कळी असते. ती कळी आहे तेवढीच राहून काळी पडत असेल, तर हवा कोरडी आहे किंवा झाडाची जागा नुकतीच बदलली आहे.

ताणा आहे पण टोकाला कळीच धरत नाही, पानं गर्द हिरवी, लांब आणि लुळी आहेत: उजेड कमी पडतोय. पानं मोठाली, तजेलदार आणि तरीही पिचर नाही: कुणीतरी कुंडीत खत घातलंय.

पानांच्या कडा आणि टोकं करपली आहेत, कुंडीच्या काठावर किंवा वरच्या मॉसवर (कुंडीत भरलेल्या शेवाळावर) पांढरी खपली दिसते: पाण्यातले क्षार.

कोवळी पानं वेडीवाकडी येतात, बोटाला चिकट लागतं, मुंग्यांची खोडावर ये-जा आहे: कीड.

कुंडी ओली आहे आणि तरी झाड मान टाकतंय, किंवा बुंधा मातीलगत मऊ आणि काळा झालाय: कूज. असं असेल तर मधलं सगळं सोडून मुळांच्या भागाकडे जा, कारण इथे दिवस महत्त्वाचे असतात.

आणि एक लक्षण, ज्यावर काहीच करायचं नसतं. पिचर झाकणाकडून खाली वाळत येतोय, पण त्याचं पान हिरवं आहे. तो पिचर म्हातारा झाला, एवढंच. काही आठवडे ते काही महिने, एवढंच त्याचं आयुष्य असतं. तपकिरी झालेला भाग कात्रीने कापा, पान ठेवा. झाडाचं अन्न ते पानच तयार करतं. पिचर वाळला म्हणून अख्खं पान ओढून काढणारे खूप आहेत आणि त्याने झाड उगाच अशक्त होतं.

निकाल कुठल्या पानावर बघायचा

पिचर हा पानाचाच टोकाचा भाग आहे. एकदा पान पूर्ण वाढलं आणि त्याच्या टोकाची कळी वाळली की त्या पानाला पुन्हा पिचर येत नाही, तुम्ही काहीही करा. त्यामुळे कुठलाही बदल केल्यावर जुन्या पानांकडे बघून निराश होण्यात अर्थ नाही. शेंड्यातून बदलानंतर निघालेलं पान काय करतं ते बघायचं. नर्सरीत मिळणाऱ्या नेहमीच्या जातींना एक पान पूर्ण उघडून त्याचा पिचर भरायला कित्येक आठवडे लागतात, म्हणजे एका उपायाचा निकाल कळायला दोन-तीन महिने धरून चाला.

म्हणूनच एका वेळी एकच गोष्ट बदला. पाणी, जागा, कुंडी सगळं एकाच रविवारी बदललं तर झाड सुधारलं तरी कशाने सुधारलं ते कळत नाही, आणि बिघडलं तर त्याहून वाईट. शेंड्याजवळच्या नव्या पानाच्या देठाला सैलसर दोरा बांधून ठेवा. दोऱ्याच्या वरची पानं नवीन, खालची जुनी.

झाड कुठलं आहे ते ओळखा

याला पैसे लागत नाहीत आणि पुढची सगळी मेहनत यावर ठरते. पानाच्या टोकाला ताण्यावरून पिचर लोंबत असेल तर ती नेपेंथिस, म्हणजे आपण जिला घटपर्णी म्हणतो ती. जमिनीतून सरळ वर उभ्या नळ्या आल्या असतील तर ती सारासेनिया, उत्तर अमेरिकेची. सारासेनियाला वर्षातून तीन-चार महिने खरी थंडी लागते, तेव्हा ती विश्रांती घेते. मुंबईत जानेवारीतल्या रात्रीसुद्धा पारा १५ अंशांच्या फारसा खाली उतरत नाही. ती विश्रांती इथे मिळत नाही आणि झाड एक-दोन वर्षांत खंगत जातं. तुमच्याकडे सारासेनिया असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. थंड गावी राहणाऱ्या नातेवाइकाला ते देणं हा मला सगळ्यात भला मार्ग वाटतो.

नेपेंथिसमध्येही दोन गट आहेत. साधारण हजार मीटरच्या खाली, उष्ण दमट रानात वाढणाऱ्या जाती आणि त्याहून उंच डोंगरावरच्या. मुंबईची हवा पहिल्या गटाला मनापासून मानवते: अँपुलारिया, राफ्लेसियाना, मिराबिलिस, ग्रासिलिस. नर्सरीत सर्रास दिसणारी व्हेंट्राटा ही संकरित जात तर फारच सोशिक आहे आणि पहिलं झाड म्हणून मी तीच घ्यायला सांगते. उंचावरच्या जातींना रात्रीचा गारवा लागतो. बोर्निओतल्या किनाबालू पर्वतावरची प्रसिद्ध नेपेंथिस राजा दीड हजार मीटरच्या वर राहते. मे महिन्यात रात्रीही घाम फुटणाऱ्या आपल्या गॅलरीत ती टिकवायची तर गार पेटीच बांधावी लागेल. ऑनलाइन 'राजा'च्या किंवा निळ्याशार पिचरच्या बिया शे-दोनशे रुपयांना दिसतात, त्या घेऊ नका. घटपर्णीचं बी फार काळ जिवंत राहत नाही, आणि त्या रंगाची झाडं तर नसतातच.

भारताची स्वतःची एकच जात, नेपेंथिस खासियाना, मेघालयातल्या खासी, जैंतिया आणि गारो टेकड्यांमधली. ती धोक्यात आहे, वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या 'साइटिस' कराराने तिला संरक्षण आहे. रानातून उपटून आणलेलं रोप कुणी देऊ करत असेल तर घेऊ नका. मुळं तुटलेलं ते रोप घरात सहसा जगतही नाही.

पाणी: इथे थांबा आणि नीट बघा

घटपर्णी अशा जमिनीत वाढते जिथे पावसाने धुऊन सगळं वाहून गेलेलं असतं. जमिनीतून नायट्रोजन मिळत नाही म्हणून तर ती किडे धरते. तिच्या मुळांना विरघळलेल्या क्षारांची सवयच नाही. ते क्षार कुंडीत साठत गेले की मुळांची टोकं जळतात, मग पानांच्या कडा करपतात, आणि पिचर तर त्याच्या कितीतरी आधी बंद होतात.

मुंबईकरांचं नशीब असं की महापालिकेचं पाणी मुळात चांगलं आहे. भातसा, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, विहार आणि तुळशी ही सातही तळी पावसावर भरतात, त्यामुळे पाणी मऊ असतं. मग बिघडतं कुठे? इमारतीत.

पुष्कळ सोसायट्यांत दोन लाइनी असतात. स्वयंपाकघरात महापालिकेचं पाणी, आणि फ्लशला किंवा बाथरूमच्या नळाला बोअरिंगचं. काही ठिकाणी टंचाईच्या महिन्यांत टँकर येतो आणि तो गच्चीवरच्या त्याच टाकीत ओतला जातो. गॅलरीतल्या झाडांना पाणी कुठून जातं? बाथरूमची बादली भरून. परळच्या एका घरात मी दोन्ही नळांखाली एकामागून एक टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा मीटर, धरला होता. ओट्यावरच्या नळाला आकडा सत्तरच्या आसपास, बाथरूमच्या नळाला आठशेच्या वर. दोन्ही पाणी दिसायला सारखंच स्वच्छ. काकू गेलं वर्षभर रोज सकाळी न चुकता त्या दुसऱ्या नळाचं पाणी घालत होत्या, आणि शेजारची तुळस, जास्वंद छान होती, म्हणून त्यांना पाण्याचा संशय येण्याचं कारणच नव्हतं. तुळस आणि जास्वंद ते पचवतात. घटपर्णी नाही.

म्हणून पहिली खरेदी या टीडीएस मीटरची करा. पेनसारखा असतो, तीनशेच्या आसपास रुपयांत मिळतो. घरातला प्रत्येक नळ मोजा, आणि उन्हाळ्यात पुन्हा मोजा, कारण तेव्हा टाकीतलं मिश्रण बदलतं. ५० पर्यंत उत्तम. १०० पर्यंत चालतं. १५० च्या पुढे सलग काही महिने गेलं की झाड बोलायला लागतं.

आता घरातल्या पाण्याबद्दलच्या काही ठाम समजुती. पाणी उकळल्याने क्षार जात नाहीत, उलट थोडं आटलं की आकडा वाढतो. तुरटी फिरवल्यानेही जात नाहीत. रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडतो, ते चांगलंच आहे, पण क्षार तसेच राहतात. आरओचं शुद्ध पाणी बहुधा चालतं. तरी मोजून घ्या, कारण बऱ्याच मशीनमध्ये चवीसाठी खनिजं परत मिसळतात. आणि आरओच्या दुसऱ्या नळीतून वाया जाणारं पाणी बादलीत धरून झाडांना घालायची जी चांगली सवय आपल्याकडे रुजली आहे, ती या एका झाडापुरती सोडा. मशीनने गाळून बाजूला काढलेले सगळे क्षार त्याच पाण्यात असतात.

एसीच्या नळीचं पाणी मात्र मोलाचं आहे. हवेतली वाफ गार होऊन पडलेलं ते पाणी असतं, मीटर जेमतेम दहा-वीस दाखवतो. दमट दिवसांत एका रात्रीत काही लिटर सहज जमतं. नळीत शेवाळ नसेल आणि एसीची नुकतीच रसायनाने सफाई झालेली नसेल, तर बिनधास्त वापरा. पावसाचं पाणी त्याहून चांगलं. जुलैत एकट्या सांताक्रूझला सरासरी ८०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. गॅलरीच्या ग्रिलबाहेर बादली ठेवली तरी भरते. पहिल्या एक-दोन सरींचं पाणी धुळीचं असतं ते सोडून द्या. साठवलेल्या पिंपावर घट्ट झाकण हवंच, डासांसाठी, आणि त्याबद्दल महापालिका कारवाई करते ते वेगळंच.

क्षार आधीच साठले असतील तर कुंडी धुऊन काढायची. मोरीत कुंडी ठेवून कमी टीडीएसचं पाणी वरून हळूहळू ओतत राहा आणि खालून गळणारं पाणी वाटीत धरून मोजा. सुरुवातीला आकडा ऐकून धक्का बसतो. तो वरून ओतलेल्या पाण्याच्या जवळ येईपर्यंत ओता. मध्यम कुंडीला बादलीभर पाणी लागू शकतं. मातीची कच्ची कुंडी असेल तर तिच्या भिंतीतही क्षार मुरलेले असतात, प्लास्टिकची घ्या.

किती पाणी घालायचं? वरचं मॉस बोटाला गार आणि ओलसर लागलं पाहिजे, पिळल्यावर धार लागता कामा नये. ताटलीत कायम पाणी साठवून ठेवायचा सल्ला सारासेनिया आणि व्हीनस फ्लायट्रॅपसारख्या दुसऱ्या कीटकभक्षी झाडांसाठी असतो. घटपर्णीची मुळं त्यात गुदमरतात.

माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त घरांत काम इथेच संपतं. पाणी बदला, कुंडी धुवा, आणि दोऱ्याच्या वरच्या पानांची वाट बघा.

जागा आणि उजेड

झाड घरी येऊन तीन महिने झाले नसतील तर उजेडाला दोष देण्याआधी त्याला वेळ द्या. नर्सरीतल्या हिरव्या जाळीखालच्या दमट हवेतून रिक्षा, लोकल करत ते तुमच्या खिडकीत येतं आणि अर्धवट कळ्या टाकून देतं. हे होणारच. या काळात रोज जागा बदलणं हे सगळ्यात वाईट. एक जागा ठरवा आणि तिथेच राहू द्या.

जागा कुठली? पूर्वेची खिडकी किंवा गॅलरी, सकाळी तीन-चार तास कोवळं ऊन, नंतर दिवसभर भरपूर उजेड. पश्चिमेची असेल तर मार्च ते मे आणि ऑक्टोबरच्या उन्हात पन्नास टक्क्यांची शेडनेट लावा, नाहीतर पानांवर भाजल्यासारखे फिकट डाग पडतात. समोरच टॉवर उभा राहिला असेल तर 'उत्तरेकडून चांगला उजेड येतो' यावर विश्वास ठेवू नका. दुपारी बारा वाजता झाडाच्या जागी पांढरा कागद धरा आणि त्यावर वीतभर वरून हात धरा. हाताच्या सावलीची कड स्पष्ट दिसली तर उजेड पुरेसा. नुसतीच धूसर छाया पडली तर कमी. आपल्या डोळ्यांना अंधारी खोलीही उजेडाची वाटते, म्हणून ही चाचणी करायची.

उजेड पुरेसा आहे हे झाडही सांगतं. नव्या पानांवर किंचित तांबूस छटा येते, पानं आखूड आणि कडक होतात. पिचर बनवायला झाडाला खूप खर्च पडतो. अन्न कमी तयार होत असेल तर ते आधी हाच खर्च थांबवतं. जागाच नसेल तर साधा पांढरा एलईडी बल्ब झाडाच्या फूटभर वर, रोज बारा तास, टायमर लावून. जांभळ्या प्रकाशाच्या महागड्या दिव्यांची गरज नाही. पावसाची झड येते त्या गॅलरीत वायर ओढायची असेल तर मात्र स्वतः जोडाजोडी करू नका. इलेक्ट्रिशियनला बोलवा.

कोरडी हवा

पावसाळ्यात हा प्रश्नच नसतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईची हवा या झाडाला हवी तशीच असते, आणि पिचर त्याच महिन्यांत सर्वांत जास्त धरतात. डिसेंबरपासून उत्तरेकडचं कोरडं वारं सुरू झालं की दुपारची आर्द्रता चाळीस टक्क्यांपर्यंत आणि कधी त्याखाली उतरते. लव असलेली ती इवलीशी कळी तेव्हाच वाळते. एसी रात्रभर चालणाऱ्या बेडरूममध्ये तर हे बाराही महिने होतं.

फवारणीची बाटली घेऊन दिवसातून चारदा पाणी मारणं हा उपाय सगळे सांगतात. मला तो पटत नाही. हवा पंधरा-वीस मिनिटं दमट होते, मग पुन्हा तशीच, आणि शेंड्यात साठलेल्या पाण्याने बुरशी मात्र लागते. त्यापेक्षा झाड एसीच्या खोलीतून आणि पंख्याच्या थेट झोतातून हलवा. फर्न, मनीप्लांट अशा इतर कुंड्यांच्या गर्दीत ठेवा; त्यांच्या पानांतून सुटणारी वाफ कामी येते. पसरट ट्रेमध्ये खडी घालून, खडीच्या खाली पाणी राहील इतकंच भरून, कुंडी खडीवर ठेवा. ट्रे आठवड्यातून एकदा घासून सुकवा, त्यातच डासांच्या अळ्या होतात. लहान रोपाला जुन्या रिकाम्या फिशटँकमध्ये ठेवून वरची काच तीन-चार बोटं उघडी ठेवली तर हिवाळा छान निभतो.

खाऊ घालण्याबद्दल

झाड उपाशी आहे म्हणून पिचर येत नाहीत, असं वाटून लोक कुंडीत शेणखत, गांडूळखत, चहाचा चोथा, तांदळाचं धुवण, ताक घालतात. बाकीच्या कुंड्यांना यातलं बरंच चालतं. इथे दोन गोष्टी होतात. एक तर क्षार वाढतात. दुसरं, मुळांनाच नायट्रोजन मिळाला की किडे धरायचा सापळा बांधायची झाडाला गरज उरत नाही. आधीच घातलं असेल तर वर सांगितल्याप्रमाणे कुंडी धुऊन काढा. शेणखत मिसळलेली माती असेल तर कुंडी बदलण्यावाचून इलाज नाही.

पिचरमध्ये चिकन, अंडं, पनीर, बिस्किटाचा चुरा घालू नका. ते आत सडतं आणि पिचर दोन दिवसांत काळा पडतो. मुलं कौतुकाने घालतात, त्यांना एखादी मुंगी किंवा मेलेलं झुरळाचं पिल्लू टाकायला द्या. गॅलरीतलं झाड स्वतःचं पोट भरतं. पूर्ण बंद घरात असेल तर महिन्यातून एकदा, एखाद्याच पिचरमध्ये, माशांच्या खाद्याचे दोन-तीन दाणे पुरे. कुंडी हलवताना आतला द्रव सांडला तर पिचर वाळू शकतो; साधारण एक तृतीयांश भरेल इतकं कमी टीडीएसचं पाणी लगेच ओता. चांगला पिचर 'धुऊन' साफ करायला जाऊ नका.

कीड

मुंग्या पिचरमध्ये पडत असतील तर त्या भक्ष्य. पण त्या खोडावरून ओळीने पानाच्या बगलेत जात असतील, तर तिथे मिलीबग आहे असं समजा. कापसासारखे पांढरे ठिपके देठाच्या खोबणीत आणि पिचरच्या झाकणाखाली लपतात. भिंग आणि मोबाइलची टॉर्च घेऊन नीट बघा. कानात घालायच्या कापसाच्या काडीला सर्जिकल स्पिरिट लावून एकेक टिपून काढायचे, आठ-आठ दिवसांनी तीन-चार वेळा. आधी एका पानावर लावून दोन दिवस थांबा. भांड्यांच्या साबणाचं पाणी मारू नका, ते मॉसमध्ये उतरून राहतं. निंबोळी तेल दाट मारून उन्हात ठेवलं तर पानं भाजतात.

फुलकिडे आणि लाल कोळी कोरड्या दिवसांत येतात. झाड मोरीत आडवं धरून पानांच्या खालची बाजू पाण्याच्या हलक्या धारेने धुतली तरी बरेच जातात. कीड असलेली कुंडी बाकीच्यांपासून वेगळी ठेवा. नवीन आणलेलं कुठलंही झाड तीन आठवडे वेगळं ठेवणं हा नियमच करा.

शेवटी कुंडी आणि मुळं

इथपर्यंत सगळं ठीक असेल, किंवा सुरुवातीलाच कुजीचं लक्षण दिसलं असेल, तरच कुंडीला हात लावा.

मुळं बघून पुष्कळ जण घाबरतात, म्हणून आधी हे: घटपर्णीची निरोगी मुळं काळी, बारीक आणि केसांसारखी असतात. काळी म्हणजे कुजलेली नव्हे. चिमटीत धरून हलकेच ओढा. तारेसारखी चिवट लागली आणि टोकं पांढरट असली तर ती ठणठणीत आहेत. साल हातात सुटून आली, आत पोकळ लागलं, कुबट वास आला, तर ती कूज.

नर्सरीतलं रोप कधी लाल मातीत, कधी नुसत्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) असतं. लाल माती पावसाळ्यात घट्ट बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. कोकोपीट चालतं, पण त्यात मूळचेच क्षार असतात. कमी टीडीएसच्या पाण्यात भिजवून, पिळून, पाणी बदलून, पिळलेल्या पाण्याचा आकडा शंभराच्या आत येईपर्यंत धुवावं लागतं. माझं नेहमीचं मिश्रण दोन भाग स्फॅग्नम मॉस (पाणी धरणारं सुकं शेवाळ) आणि एक भाग परलाइट (हलके पांढरे खडे). मॉस महाग वाटलं तर अर्ध्या मॉसच्या जागी नारळाच्या सोडणाचे धुतलेले तुकडे घाला. दाबून भरू नका. खाली भोकं मोकळी हवीत. मुळं शक्य तितकी न झटकता झाड बसवा, दोन आठवडे सावलीत ठेवा. यासाठी जून-जुलैसारखा काळ नाही. मे महिन्याच्या कडाक्यात हे काम टाळा.

कूज फक्त मुळांत असेल तर मऊ भाग स्वच्छ ब्लेडने कापा, प्रत्येक कापानंतर ब्लेड स्पिरिटने पुसा. बुंध्यात चढली असेल तर वरचं निरोगी खोड वाचवायचं. दोन-तीन पेरांचा तुकडा घ्या. कापलेला भाग आतून फिकट हिरवा किंवा पांढरा दिसला पाहिजे. तपकिरी ठिपका दिसला तर आणखी वर कापा. पानं अर्धी करा, ओल्या मॉसमध्ये खोचा, वर पारदर्शक पिशवी, जागा उजेडाची पण उन्हाची नाही. महिना-दोन महिन्यांत मुळं धरतात. पावसाळ्यात बंद गॅलरीत हवा खेळती नसली की कूज परत परत येते, म्हणून कुंड्यांमध्ये हातभर अंतर ठेवा.

मुळं चांगली, पाणी चांगलं, उजेडही चांगला आणि झाड चार-पाच वर्षांचं लांब वेल झालं असेल, तर दोष नाहीच. वेल चढायला लागला की खालच्या ढबू पिचरची जागा वरच्या सडपातळ पिचरने घेतली जाते, ताण्याला गुंडाळायला आधार मिळाला नाही तर तेही कमी येतात. एकतर काठी लावा, नाहीतर पावसाळ्याच्या तोंडी शेंडा छाटा. बुंध्यातून फुटवे येतील आणि त्यांना पुन्हा खालचे पिचर धरतील. छाटलेल्या शेंड्याचं वर सांगितल्याप्रमाणे दुसरं झाड होतं.

कधी थांबायचं, कुणाला बोलवायचं

शेंडा मऊ आणि काळा, खोड कापत वर गेलं तरी आत तपकिरीच: झाड गेलं. त्यावर बुरशीनाशकाचे थर देत राहू नका. मॉससकट पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, ते मिश्रण दुसऱ्या कुंडीत वापरू नका.

कीड तीन-चार वेळा टिपूनही परत आली, किंवा दुसऱ्या कुंड्यांवर पसरली, तर घरच्या घरी जालीम औषधांचे प्रयोग थांबवा. घर लहान, त्यात मुलं, मांजर. बंद गॅलरीत कीटकनाशक मारणं धोक्याचं आहे. बाधित पानाचा तुकडा बंद पिशवीत घालून आणि झाडाचे फोटो घेऊन, कीटकभक्षी झाडं स्वतः वाढवणाऱ्या नर्सरीवाल्याकडे जा. नुसती विकणारा नको. 'तुम्ही कुठलं पाणी वापरता?' हा प्रश्न त्याला विचारा. उत्तर लगेच आणि नेमकं आलं तर माणूस जाणकार. राणीच्या बागेत महापालिकेचं झाडाफुलांचं वार्षिक प्रदर्शन साधारण फेब्रुवारीत भरतं, तिथेही अशी माणसं भेटतात. एकाच जातीची बरीच झाडं असतील आणि कूज पसरत असेल तर कृषी विद्यापीठातल्या वनस्पतिरोग विभागाकडे नमुना दाखवता येतो. कोकणासाठी ते दापोलीला आहे.

जड कुंड्या ग्रिलच्या बाहेर टांगायच्या असतील तर आधी फॅब्रिकेटरकडून ग्रिल आणि त्याचे बोल्ट बघून घ्या. खाली रस्ता असतो.

आणि मीटर हातात आहे म्हणून सांगते. ओट्यावरच्या नळाचा आकडा नेहमी सत्तर-ऐंशी असायचा आणि एक दिवस अचानक चारशे-पाचशे दाखवू लागला, तर तो प्रश्न झाडाचा राहिलेला नाही. पिण्याच्या लाइनीत बोअरिंगचं किंवा दुसरं पाणी मिसळत असण्याची शक्यता आहे. सेक्रेटरींना आकडा दाखवा, सोसायटीच्या प्लंबरकडून टाकी आणि व्हॉल्व्ह तपासून घ्या, आणि इमारतीत दोष सापडला नाही तर वॉर्ड ऑफिसच्या पाणी खात्याकडे लेखी तक्रार द्या. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत, त्यामुळे तोपर्यंत घरातल्यांनी पाणी उकळूनच प्यावं.